कासवाचा रविवार

येरवडा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

नम्रताताई,

आधीच सॉरी. माझ्या वेलांट्या चुकणार, आणि एका बोटाने टाईप करते म्हणून वेळ लागतो. सकाळपासून तीनदा लिहून पुसलंय. तुम्ही कशा आहात? खराडीचं नवीन ऑफिस कसंय? इकडे वाचनवर्ग ठीक चाललाय. मुलं चारला येतात, चटई आयुषच घालतो.

खरं तर ठीक नाहीये.

तुम्ही जाताना सांगितलेलं, गोष्ट संपली की लगेच पुस्तक मिटायचं नाही. मुलांना विचारायचं, तू असतास तर काय केलं असतंस, पुढे काय झालं असेल. वाचायला मला जमतं, पुस्तक तोंडासमोर असतं. पण ते खाली ठेवून मुलांकडे बघून विचारायचं म्हटलं की माझा आवाजच निघत नाही. म्हणून मी बुटाच्या खोक्याला भोक पाडलं. हरवलेलं कासव वर्षभराने एका रविवारी आपल्या विहिरीत परत येतं, ती गोष्ट वाचली आणि म्हटलं, कासवाला पत्र लिहून यात टाका. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उत्तरं मिळाली. हिरव्या पेनाने.

ती मी लिहिली. तुम्ही असं सांगितलं नव्हतं. पण मुलं घरून पत्रं लिहून आणायला लागली. शंभू तर कासवाकडे शाळेतल्या बाईंची तक्रार करतो.

आयुषची आई दिवाळीपासून यवतमाळला माहेरी आहे. भांडण झालं होतं. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, पहाटेच जातात. त्याने लिहिलं, "तू परत आलास. माझी आई कधी येणार?"

मी लिहिलं, रविवारी.

का लिहिलं माहीत नाही. त्याला बरं वाटावं म्हणून. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

परवा रविवारी तो सकाळी नऊपासून बसस्टॉपवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. मी समोर दुधाच्या दुकानात होते. दूध घ्यायला आलेल्या कौशल्याकाकू तिथूनच त्याला म्हणाल्या, "काय रे, लग्नाला निघालास का?"

"आई येणारे."

"कोण म्हणालं?"

"कासव."

"मग आमचं पण विचार त्याला. आमचे हे चक्कर मारून येतो म्हणून गेलेत कालपासून."

सगळे हसले. तो नाही हसला, येणाऱ्या बस बघत होता. मी रस्ता ओलांडायला पाहिजे होता. पिशवी घेऊन घरी आले. दोनला परत गेले तरी तो तिथेच. तेव्हाही लांबूनच बघितलं.

मला वाटलं आता चिडेल, येणारच नाही. काल चारच्या आधीच आला. चटई घातली. खोक्यात चिठ्ठी टाकली. ती माझ्यासमोर आहे.

"कासवा, कुठला रविवार?"

ताई, मी तुम्हाला लिहायला बसले ते, शनिवारी येऊन तुम्ही त्याला समजवाल का, हे विचारायला. पण शनिवारपर्यंत तो रोज खोकं उघडून बघणार. आणि परत रविवार येणार.

अजून एक. शाळा मी घरकामासाठी सोडली असं तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं. नववीत सरांनी उभं करून धडा वाचायला लावला. माझा आवाज निघाला नाही. मुलं हसली. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हटलं, आणि मग रोजच म्हणत राहिले. कोणी काही विचारलं नाही.

आता साडेतीन झालेत. हिरवं पेन घरीच ठेवून जातेय. तो चटई घालतो तेव्हा बाकीचे आलेले नसतात. त्याला तोंडाने सांगणार आहे, उत्तरं मी लिहीत होते, आणि तुझी आई कधी येणार ते मला माहीत नाही. तो ओरडला तर ओरडू दे. तुम्ही फोन करू नका, मी उचलणार नाही.

तुमची
तेजू

इस्त्रीवाल्या श्रीनिवासकाकांना नात झाली. सगळ्या गल्लीत पेढे वाटले. तुमचा डब्यात ठेवलाय.