न जळलेला पदर

॥ श्री ॥
अमरावती, माघ शुद्ध १०, शके १७८६

ती. स्व. खुशालदादा यांच्या चरणी धाकट्या मैनेचा साष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सारे सुखरूप. तुमचा खोकला गेला की नाही ते कळवा. अक्षर वाकडं म्हणून हसू नका. पाटीवर गिरवायला तुम्हीच शिकवलंत, आणि तुमचंही वाकडंच आहे.

दादा, एक नवल घडलं. तुम्ही संक्रांतीला पाठवलेलं हिरवं लुगडं मी रथसप्तमीला पहिल्यांदा नेसले. अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालत होतो, गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या होत्या. मी वाकले आणि पदर जाळात पडला. बाया ओरडल्या. नणंद जयवंता पाणी आणायला धावली. पण पदर पेटलाच नाही! टोकाला काळा पडला, धूर झाला, आणि आपोआप विझला. बोटालासुद्धा चटका नाही.

 सासूबाईंनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं, अन् म्हणाल्या की, मैने, तुले अंबाबाईनं धरलं, आमीच आंधळे. तुम्हांला ठाऊकच आहे, पाच वर्षांत माझी कूस उजवली नाही म्हणून त्यांनी अकोटची मुलगी पाहून ठेवली होती. आता तिचं नावही कोणी काढत नाही. उलट बाया माझी ओटी भरायला येतात. मला काहीच समजत नाही. मी तर तीच आहे, भाकरी अजून वाकडीच होते.

लुगडं दोनदा धुऊन देवघरात ठेवलं आहे. होळीला तेच नेसून मी निखाऱ्यांवरून चालावं, असं गल्लीनं ठरवलं आहे. मी हो म्हणाले. देवीनं एकदा राखलं ती पुन्हा राखेलच ना? माया आहेच, ती पत्रातूनही येत राहू द्या.
तुमची मैना

॥ श्री ॥
अकोला, माघ वद्य २

चि. सौ. मैना हिस खुशालरावाचे आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मैने, आधी हे ऐक: निखाऱ्यांजवळ जाऊ नकोस. तो देवीचा प्रताप नाही, माझा आहे.

आमच्या कापसाच्या वखारीच्या साहेबानं विलायतेहून एका मिठाचा डबा मागवला आहे. तिकडच्या मडमा पिंजऱ्यासारखे फुगीर झगे घालतात आणि दिव्याला लागून जळून मरतात, म्हणून परीट ते झगे या मिठाच्या पाण्यात बुडवतात. साहेबाला पाहायचं होतं की गठ्ठ्यांवरच्या कापडाला ते चालतं का. मी चार चिंध्या केल्या, एक कोरी ठेवून बाकीच्या वेगवेगळ्या पाण्यांत बुडवून वाळवल्या आणि दिव्यावर धरल्या. कोरी भुर्रकन जळाली. तुरटीची जळाली नाही, पण कापड पिचलं. नवसागराची इस्त्रीखाली डागाळली. या मिठाची मात्र नुसती काळी पडली आणि इस्त्रीही सोसली. रंगीत कापडाचा रंग जातो का हेही पाहायचं होतं. तुझं लुगडं आणलेलंच होतं, मी तेच बुडवलं. मनात म्हटलं, आपली मैना चुलीशी धांदरट आहे. पण संक्रांतीच्या वाणाबरोबर आगीचं अभद्र कशाला लिहा, म्हणून गप्प राहिलो. तिथं चुकलो.

साहेब त्याला टंगस्टेट म्हणतो. मी आधी टाकणखार ऐकलं आणि औषधं विकणाऱ्या पसाऱ्याला दाखवलं. त्यानंही टाकणखारच म्हणून सांगितलं. पण टाकणखाराची निखाऱ्यावर लाही फुगते, याची फुगेना. लिंबू पिळलं तर पाणी दह्यासारखं पांढरं झालं. साहेब म्हणतो, कथलाच्या खाणीत एक फार जड दगड निघतो, लोक तो फेकून देत, त्यात सोडा घालून वितळवलं की हे मीठ होतं. दगडातून मीठ कसं येतं, मला नीटसं उमगलं नाही.

एवढं मात्र नक्की: ते पाण्यात विरघळतं. लुगडं धुतलं की ते गेलं. तू दोनदा धुतलंस! आता ते साधं कापड आहे. पत्र पोचल्याचं ताबडतोब लिही, तोवर मला अन्न गोड लागायचं नाही.
तुझा खुशालदादा

॥ श्री ॥
अमरावती, फाल्गुन शुद्ध ४

ती. स्व. दादांना मैनेचा नमस्कार. पत्र पोचलं. चारदा वाचलं. चारही वेळा वेगळंच वाटलं.

आधी हसू आलं, मग तुमचा राग आला. मग रडू आलं, ते कशाचं ते कळलं नाही. देवी माझ्याकडं आलीच नव्हती, याचं वाईट वाटलं, दादा. चार दिवस तरी मी कोणीतरी होते.

खरं सांगितलं तर अकोटची मुलगी या घरात येईल. नाही सांगितलं तर होळी आहे. सासूबाई आता मला मायबाई म्हणतात, दुधावरची साय वाढतात. त्यांच्या तोंडावर मीठ होतं असं कसं म्हणू? घरधन्यांना सांगावं तर ते आईच्या शब्दाबाहेर नाहीत. त्या डब्यातलं थोडं मीठ पाठवता येईल का? नाहीतर इथल्या पसाऱ्याकडचा टाकणखार चालेल का? वेड्यासारखं विचारते आहे, पण उत्तर द्या. मनात धरून असा.
मैना

॥ श्री ॥
अकोला, फाल्गुन शुद्ध ८

चि. सौ. मैना हिस आशीर्वाद. डबा साहेब मुंबईस घेऊन गेला, चिमूटभरही उरलं नाही. टाकणखाराच्या भरवशावर राहू नकोस. आणि मीठ असतं तरी दिलं नसतं. पदर न पेटणं वेगळं, निखाऱ्यावर पाय ठेवणं वेगळं. ते मीठ कापडाचं आहे, कातडीचं नाही.

खरं सांगून टाक. सवत आली तर माझ्या घरी ये, भाकरी वाकडी असली तरी खाईन. हंगामामुळं पौर्णिमेपर्यंत सुटी नाही. मी इथं नुसता फेऱ्या मारतो आहे. आशीर्वादाशिवाय पाठवायला काही नाही.
खुशालदादा

॥ श्री ॥
अमरावती, फाल्गुन वद्य ५

ती. स्व. दादांना मैनेचा साष्टांग नमस्कार. मी धड आहे. आधी हे वाचा, मग पाणी प्या.

होळीच्या सकाळपर्यंत माझं तोंड उघडलं नाही. लुगडं घ्यायला देवघरात गेले, तर सासूबाईंनी हात धरून मला मागच्या पडवीत बसवलं, आणि बाहेर जाऊन साऱ्यांना सांगितलं की, मैनेले कावळा शिवला, ते काही होळीले येत नाही. लिहायला लाज वाटते, पण आठच दिवसांपूर्वी मी न्हाले होते. तो दिवस त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार! 

पुढं तीन दिवस त्या लांबून ताट सरकवायच्या. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. तुमची पत्रं, साहेब, मडमा, जड दगड, सारं सांगितलं. ताट हातात धरून त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या की, मले मिठाचं काही मालूम नोतं. त्या सकाळी त्यांनी लुगड्याचा कोपरा चुलीवर धरून पाहिला होता. तो भडकन पेटला. मी विचारलं की, देवीवर विश्वास होता तर पाहिलं काहून. त्या म्हणाल्या की, अंबाबाईवर माहा भरोसा हाये, पण पोरगी लोकाची हाये.

काल अकोटचा माणूस आला. मुलीकडचे खोळंबले आहेत, काय ते एकदा सांगा म्हणाला. मी दाराआडून ऐकत होते. सासूबाईंनी त्याला ठणकावलं की, आमच्या घरी साक्षात अंबाबाई नांदून राहिली, तिच्यावर सवत आणून आमाले मरायचं हाये काय? तो हात जोडून गेला. त्या आत आल्या, माझ्याकडं न पाहता डाळ निवडायला बसल्या. त्यांना सारं ठाऊक असताना त्या असं का बोलल्या, कोणासाठी बोलल्या, मी विचारलं नाही. तुम्हांला उमगलं तर लिहा.

त्यांचा तुम्हांला एक निरोप आहे: तो डबा परत आला की थोडं मीठ पाठवा, आणि आधी जयवंतेचं लुगडं बुडवायचं, ती चुलीजवळ फार धावपळ करते. धुतलं की पुन्हा बुडवावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं आहे.

दूर असलात तरी जवळचेच राहा, ही विनंती.
तुमची मैना