गळ आणि बंदूक यांविषयी माझी शेवटची इच्छा

मी, वजनकाटे दुरुस्त करणारा, वय वर्षे बावन्न, शिक्षण शाळेत सातवीपर्यंत आणि त्यापुढचे माझे मीच केलेले, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दुखणे पोटात आहे. येत्या मंगळवारी पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, आम्ही रोज करतो. ते रोज करतात हे खरे, पण माझी ही पहिलीच वेळ, म्हणून मागे गोंधळ राहू नये यासाठी हा खटाटोप. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट धाकट्या भावाने "दादा, कशाला असलं अभद्र लिहीत बसतोस" म्हणून अडवले, आणि त्याने अडवले म्हणूनच हे आजच्या आज पुरे करीत आहे.

कलम १. दुकान आणि दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीच्या. ती आज पंधरा वर्षांची आहे. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी सज्ञान होईपर्यंत तिला कोणी सांभाळायचे हा या कागदातला खरा प्रश्न आहे आणि तो कलम ७ मध्ये येईल. ते कलम मी तीनदा लिहून तीनदा फाडले आहे.

कलम २. प्रमाण वजनांची पितळी पेटी, चिमट्यासकट, बाजारातल्या दुसऱ्या काटेवाल्याला द्यावी. वजने चिमट्यानेच उचलावीत, बोटाचा घामसुद्धा वजन वाढवतो, हे त्याला वीस वर्षे सांगतो आहे. त्याच्याकडचा किलो कधीच किलो नव्हता. निदान मी गेल्यावर तरी व्हावा.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलीच्या शिक्षणाला. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. हे वेड तिला कोणी लावले ते पुढे येईलच.

कलम ४. बांबूच्या तीन काठ्या, निरनिराळ्या मापाचे एकेचाळीस गळ, तंगुसाची सहा रिळे, मी स्वतः कातलेली बुचे आणि शिशाच्या गोळ्यांचा डबा. हे कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे, कारण मी गेल्यावर ती सांगायला भाऊ एकटाच उरेल आणि तो ती त्याच्या पद्धतीने सांगेल.

आमच्या वडिलांकडे दुनळी बंदूक होती, परवान्याची. मी चौदा वर्षांचा आणि भाऊ दहाचा असताना त्यांनी आम्हां दोघांना अंगणात उभे केले, हात समोर ताणायला लावला आणि पालथ्या पंजावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. माझा पेला सांडला. भावाचा सांडला नाही. पण माझा पेला आधी ठेवला होता, म्हणजे माझा हात जास्त वेळ ताणलेला होता, हे तेव्हा कोणी लक्षात घेतले नाही. आज घ्यावे. वडील म्हणाले, "तुझा हात नाही रे. तू आपलं पाणी भर जा." भावाला त्यांनी बंदूक शिकवली. मी बादली घेऊन तळ्यावर गेलो आणि एका अर्थी तिथेच राहिलो. मला गळ बांधायला कोणी शिकवले नाही. पहिली गाठ बसायला मला अकरा दिवस लागले.

आता कौशल्याचे. शिकारीत जनावर समोर दिसते. दिसते त्यावर डोळा ठेवायला डोळे लागतात, ते कोंबडीलाही असतात. माझ्या कामात काहीच दिसत नाही. पाण्याखाली कोण आहे, किती मोठे आहे, भुकेले आहे की नुसते चाळा करते आहे, हे सारे एका बुचाच्या हलण्यावरून ओळखायचे. बूच थरथरले तर थांबायचे. तिरके झाले तरी थांबायचे. बुडून सरळ चालू लागले की मगच हिसका द्यायचा, आणि तोही मनगटाने, खांद्याने नव्हे. शिवाय शिकाऱ्याचा नेम चुकला तर तो म्हणतो, जनावर चपळ होते. माझा मासा सुटला तर लोक म्हणतात, बगळा झोपला होता. आमच्या गल्लीत मला बगळा म्हणतात. भावाला नेमबाज म्हणतात. नावे ठेवताना कोणी तराजू वापरत नाही.

भावाने रानडुक्कर आणले की अर्धी गल्ली त्याच्या दारात. तो हातवारे करून सांगतो, स्वतःच डुक्कर होतो, स्वतःच बंदूक होतो. मी मासा आणतो, काट्यावर ठेवतो आणि खरे वजन सांगतो: चार किलो तीनशे वीस ग्रॅम. तीनशे वीस ग्रॅमसाठी आजवर कोणी टाळी वाजवलेली नाही. माझी बायको माझ्या एकाही गोष्टीला पोट धरून हसली नाही. भावाची डुकराची गोष्ट मात्र तिने अकरा वेळा ऐकली आणि अकराही वेळा डोळे पुसत हसली. दर खेपेला डुक्कर थोडे वाढायचे. एकदा मी लक्षात आणून दिले की मागच्या वेळी ते ऐंशी किलोचे होते. ती म्हणाली, "अहो, जेवा तुम्ही."

मुलीचेही तेच. मला ती "अहो बाबा" म्हणते आणि त्याला "ए काका". मी तिला सातव्या वर्षापासून तळ्यावर नेले. दहाव्या वर्षी तिने यायचे सोडले आणि काकाबरोबर रानात जाऊ लागली. कारण विचारले तर म्हणाली, "तुम्ही माझ्यापेक्षा बुचाकडे जास्त बघता." त्यावर मी तिला समजावून सांगितले की बूच कोणत्याही क्षणी बुडू शकते.

भाऊ एकदाच माझ्याबरोबर तळ्यावर आला. शिकाऱ्याचीच चूक त्याने सकाळभर केली: जरा हालले की ओढ. नऊ वेळा रिकामा गळ वर आला. तशी सुखाची सकाळ माझ्या वाट्याला फारशी आलेली नाही. मग तो कंटाळून काठी पायाशी दाबून झोपला, आणि झोपेत त्याच्या गळाला वाम लागली. साडेसहा किलो. माझ्या काट्यावर, म्हणजे खरे साडेसहा. झोपेत पकडलेला मासा कौशल्यात धरू नये हे मी तिथल्या तिथे सांगितले होते.

परतफेड म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर रानात गेलो. मुलगीही होती. मी आधी शिकारीवरचे पुस्तक वाचले होते आणि दबा धरायची जागा मीच निवडणार अशी अट घातली होती. भाऊ बरं म्हणाला. मी जागा निवडली आणि पाच तास पापणीपलीकडे काही हलवले नाही. एकही जनावर आले नाही. परतताना मुलीने विचारले, "काका, काहीच कसं नाही आलं?" भाऊ म्हणाला, "आज रानच रिकामं होतं गं. पण तुझ्या बाबांसारखं बसणं मला जन्मात जमायचं नाही." हे वाक्य मी पुढचे तीन महिने गल्लीत ज्याला त्याला ऐकवले.

मग एके दिवशी तेच पुस्तक पुन्हा चाळताना पान बासष्ट वाचले. वाऱ्याबद्दलचे म्हणून मी ते गाळले होते, कारण वारा मला कळतो असा माझा समज होता. तळ्यावर मी अडतीस वर्षे वारा पाठीवर घेऊन बसतो, त्याने गळ लांब जातो. रानात वारा तोंडावर घ्यायचा असतो. पाठीवर घेतला की माणसाचा वास आपल्याआधी जनावरापर्यंत पोचतो. म्हणजे मी पाच तास साऱ्या रानाला आपण आल्याची वर्दी देत बसलो होतो.

मुलीला विचारले, तुला माहीत होते का. ती खाली बघत म्हणाली, "पाच मिनिटांतच कळलं होतं. पण काकाने डोळ्यांनी गप्प राहा म्हटलं." आणि मग तो प्रश्न तिने मुद्दाम विचारला, मला वाईट वाटू नये म्हणून. दोघांनी मिळून माझ्यासाठी पाच तास थंडीत घालवले. लोक म्हणतील, केवढा मोठेपणा. मला त्या दिवशी जे झोंबले ते वेगळेच. नुसत्या डोळ्यांनी सांगितलेले ती त्याचे ऐकते. माझे तोंडाने सांगितलेलेही ऐकत नाही.

म्हणून कलम ४ चा निकाल: काठ्या, गळ आणि सर्व सामान मुलीला. तिने वापरले नाही तरी चालेल. भावाने हात लावू नये.

कलम ५. बंदूक. वडिलांनी तिच्याबाबत काही लिहून ठेवले नव्हते, म्हणजे अर्धी माझी. दुनळी असल्याने वाटणी सोपी आहे. डावी नळी माझी, ती मी मुलीला देत आहे. माझ्या हयातीत भावाने ती मला न विचारता वापरली, ते माफ.

कलम ६. गल्लीतल्या ज्या ज्या इसमाने मला बगळा म्हटले त्या प्रत्येकास काही नाही.

कलम ७. मुलीचा पालक. पहिल्या दोन मसुद्यांत मी तिच्या मावशीचे नाव लिहिले. मावशी शिस्तीची आणि सज्जन आहे, पण दुसऱ्या गावी असते. शाळा बदलावी लागेल आणि त्या घरात आधीच तीन मुले आहेत. तिसऱ्या मसुद्यात खाली दुकानाशेजारी राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंचे नाव घातले, पण त्याच म्हणाल्या, "माझंच वय सत्तर. मला कोण सांभाळतं ते आधी लिहा." भावाचे नाव एकाही मसुद्यात नव्हते. मी जिवंत असताना त्याने तिला अर्धी नेली, मेल्यावर उरलेलीही माझ्याच सहीने द्यायची, हे हाताला जमत नव्हते.

गेल्या रविवारी भावाला सांगितले की मावशीचे ठरवतो आहे. तो म्हणाला, "चांगलंच आहे दादा. मी रानात भटकणारा माणूस, माझ्या घरात धड दोन ताटं नाहीत. मावशीकडे नीट राहील ती." मलाही ते पटले, आणि बरे वाटले.

बुधवारी त्याच्या घरचा काटा द्यायला गेलो तेव्हा तो घरी नव्हता. किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. मागच्या खोलीत, जिथे तो काडतुसांच्या पेट्या ठेवायचा, तिथे पेट्या नव्हत्या. भिंत नव्याने रंगवलेली होती. खिडकीशी एक पलंग होता, कोरा, गादीवरचा कागदही काढलेला नव्हता. शेजारी अभ्यासाचे मेज आणि दिवा. माझी गाठ अजून पोटात आहे आणि हा पलंग आणून मोकळा. इतका राग मला त्या वामेचाही आला नव्हता.

रागात मी खिशातली पट्टी काढून पलंग मोजला. सव्वासहा फूट. मग घरी येऊन माझ्या मुलीची खाट मोजली. ती पाच फूट आहे. मुलगी पाच फूट तीन इंच. ती पाय पोटाशी घेऊन झोपते, मला वाटायचे सवय असेल. मी, जो ग्रॅमचा दहावा भाग सोडत नाही, त्याने दोन वर्षांत ती खाट मोजली नाही. भावाने मोजली नसावी. त्याने फक्त मुलीकडे पाहिले असावे.

सबब मी माझ्या धाकट्या भावाला माझ्या मुलीचा पालक नेमतो. कौशल्याबाबतचे माझे मत कायम आहे. तिने त्याला "ए काका" म्हणण्यास हरकत नाही. माझ्याविषयी बोलताना त्याने माशांची वजने वाढवून सांगू नयेत. जी आहेत ती पुरेशी आहेत.

कलम ८. मंगळवारनंतर मी जिवंत परतलो तर वरील सातही कलमे रद्द समजावीत. पलंग मात्र भावाने माझ्याकडे पोचवावा. जिन्याच्या वळणावर अडेल असे तो म्हणेल. मी वळण मोजले आहे. उभा धरून, पायाकडची बाजू आधी वर घेतली तर निघतो.

हे मी वाचून पाहिले, चुका दुरुस्त केल्या आणि दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली. भावास साक्षीदार म्हणून बोलावलेले नाही, कारण तो रडतो.

सही: वजनकाटेवाला
साक्षीदार पहिली: खालच्या शिवणकामवाल्या बाई (चष्मा लावून सही केली)
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधविक्रेता
ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: चौदा, शुक्रवार, दुपारी सव्वाचार