फर्नच्या पानामागचे ठिपके

८ नोव्हेंबर
रिना सकाळच्या गाडीने धानोऱ्याला गेली. तिथल्या दवाखान्यात बायकोची नर्स म्हणून बदली. दोन-चार महिन्यांचा प्रश्न, येईल परत. हॉलमधले तिचे तीन फर्न आता माझ्याकडे. बसमध्ये चढतानाही तेच सांगत होती. माती ओली ठेवा, पानं मागून पाहत जा, कीड तिथंच बसते. मी प्लांटमध्ये बॉयलर सांभाळतो. तीन कुंड्या म्हणजे काय! उद्यापासून डेली इन्स्पेक्शन.

११ नोव्हेंबर
इन्स्पेक्शन आजपासून सुरू. शिफ्टमुळे उशीर झाला.
मोठ्या फर्नचं पान उलटलं. मागे तपकिरी ठिपके. दोन्ही बाजूंना सरळ रांगेत बसलेले. शिस्तीची कीड दिसते. शिफ्टमधल्या पत्रूभाऊंना सांगितलं, तर म्हणाले, रिनाले विचार ना. नाही विचारलं. नवी ड्युटी, तिला टेन्शन कशाला.

१२ नोव्हेंबर, सकाळ
जुन्या टूथब्रशने पानं घासली. पेपरवर तपकिरी भुकटी पडली. एकही कीड पळाली नाही. बहुतेक घाबरली.

१५ नोव्हेंबर
दुसऱ्या कुंडीतही ठिपके. पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून फवारलं. बाटलीवर थोडं टाका असं लिहिलंय, पण ते भांड्यांसाठी.
रिनाचा फोन. फर्न कसे आहेत? फर्स्ट क्लास म्हणालो. जेवले का? तेही फर्स्ट क्लास. (बिस्किटं.)

१९ नोव्हेंबर
पानांची टोकं करपली. पत्रूभाऊ घरी येऊन पाहून गेले. त्यांच्या मते साबणाने जळाली. मी समजावलं, कीड मरताना पान घेऊन मरते. ते चपला घालून निघाले, म्हणजे पटलं असावं.
आनंदाची गोष्ट एकच. कोपऱ्यातल्या लहान फर्नला देठाशी पांढरा कापूस आलाय. थंडीचा बहर असेल. त्याला अजिबात हात लावला नाही.

२४ नोव्हेंबर
मोठा फर्न गेला. रिनाने फोटो मागितला. दिवाळीतला पाठवला. बऱ्याच वेळाने तिचा मेसेज आला, "छान ठेवले. वाटलं नव्हतं."
शिफ्टभर कुठे लक्ष लागलं नाही. मग विचार केला, फोटो खोटा नाही. ते टार्गेट आहे.

२७ नोव्हेंबर
कापूस दोन्ही कुंड्यांत पसरला. पानं चिकट, मुंग्यांची ये-जा. चंद्रपूरला झाडांच्या औषधाच्या दुकानात वर्णन सांगितलं. दुकानदार म्हणाला, पिठ्या ढेकूण. म्हणजे कापूसच कीड! मग ठिपके काय होते? विचारायचं होतं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं. औषध डबल टाकून फवारलं.

३० नोव्हेंबर
रिना रविवारी येते आहे. बोलायचं आहे म्हणाली. कळलंच मला, परत यायचं म्हणत असेल. कपाटातली तिची बाजू रिकामी करून ठेवली. मधली कुंडी वाळली. लहान कुंडीत मधोमध एक हिरवा कोंब आहे. फोटोबद्दल मी स्वतःहून सांगणार, चहानंतर.

रविवार, संध्याकाळ
चहापर्यंत गोष्ट गेलीच नाही. हॉलमध्ये पाय टाकल्यावर तिला सगळं दिसलं. रागावली नाही. एक वाळलं पान उचललं, उलटलं आणि घासलं काऊन म्हणून विचारलं. मी ठिपके, रांगा, सगळं सांगितलं.
"ती कीड नव्हती जी," ती म्हणाली. "फर्नले फूल-बी नाई येत. ते ठिपकेच येते पानामागं, त्याच्यातून नवीन झाड होते."
मी म्हणालो, आधी सांगायचं ना. ती म्हणाली, सांगितलं होतं, मागच्या वर्षी, इथीच उभं राहून. मला आठवेना.
मग खाली बसली. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून लहान फर्नचे देठ एकेक करून पुसू लागली. मी कुंडी धरून बसलो. पुसता पुसताच बोलली.
"बदली आपोआप झाली नाई. मीच मागतली होती."
मी विचारलं, कधी परत येशील. तिने देठ पुसून संपवला.
"तिथं क्वार्टर घेतलं मी. तुम्ही हो म्हणता, ऐकत नाई. मले आता थकवा येते."
मी कुंडी फिरवून पुढचा देठ तिच्यासमोर आणला. कोंब ठेवायचा की नेऊ, असं तिने विचारलं. ने म्हणालो. स्टँडवर सोडलं. तिने कुंडी मांडीवर घेतली. मी खिडकीखाली गाडी हलेपर्यंत उभा होतो. या वेळी तिने काही सूचना दिल्या नाहीत.
फरशीवर कुंड्यांचे गोल डाग राहिले आहेत. आल्यावर घासून पाहिले. जात नाहीत.