झोपतानाही लावलेला पाय

लातूर, मंगळवार संध्याकाळ

भूकंपात पाय गेलेल्या सुभद्रामावशींची आज मुलाखत घेतली. कृत्रिम पाय त्या झोपतानाही काढत नाहीत, हे ऐकून मी खूश! पाय अंगवळणी पडला, असं मनात ठरवूनही टाकलं. आधी काही ठरवायचं नाही, समोरच्याचा अनुभव ऐकायचा, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते ना?

तेवढ्यात वरच्या मजल्यावर क्लासची पोरं धावली. छत दणाणलं. मावशींनी शेजारी बसलेल्या नातीला कवेत ओढलं आणि पायाचा पट्टा चाचपला. पट्ट्याखाली जखम चिघळलेली.

"मावशी, झोपताना तरी काढा."

"त्या रात्री दोन्ही पाय होते, ताई. तरी लेकीपर्यंत पोचले न्हाई."

घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. मावशींच्या त्या वाक्यापुढे नुसती पोरं धावतायत.