ताईच्या अल्बममधले बाबा

तीर्थरूप मावशीस,

सगळ्यांचा नमस्कार. ताईचा अल्बम पूर्ण झाला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या दाढीवाल्याने आज सकाळी चहा पिताना तसं जाहीर केलं आणि त्या आनंदात आणखी एक कप मागितला. तुझा गुडघा कसा आहे? आमचं सगळ्यांचं ठीक आहे, कान सोडून.

स्टुडिओत ताईचा गळा आखडतो, म्हणून गाणी घरीच करायची ठरली. घरातल्या झाडून सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या, पंखे थांबवले, फ्रिज बंद केला (दूध नासलं, तो विषय आईसमोर काढू नकोस). काही गाणी ताईने रचलेली, काही आपल्या घरातली जुनी, सोबतीला एकटी गिटार. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि रजयांमुळे घामही. शांतता राखायची जबाबदारी बाबांनी आपणहून घेतली. जिन्यात खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘शूऽऽ’ करू लागले. माणसं गप्प झाली, बाबा झाले नाहीत. प्रत्येक गाण्यात त्यांचा ‘शूऽऽ’ आला. दाढीवाल्याने बाकीच्यांतून तो काढला, पण एका गाण्यात तो इतका नेमका तालावर पडलाय की काढला तर गाणं लंगडतं. ‘‘काका, ह्या वाद्याचं नाव काय लिहू?’’ त्याने विचारलं. ‘‘माझंच लिहा,’’ बाबा म्हणाले. आता त्यांना ते अल्बमवरच्या वाद्यांच्या यादीत गिटारच्या वर छापून हवंय.

तुझा भाचा

ता. क. पूर्ण झाला म्हणजे, एक गाणं सोडून. आजीची अंगाई. आईला पहिलंच कडवं येतं, कारण दुसरं सुरू व्हायच्या आत ती झोपलेली असायची. पुढचं फक्त तुला येतं, आणि तू तर ‘माझा गळा गेला आता, तुमचं तुम्ही गा’ म्हणून फोन ठेवलास. नवं कडवं ताई चुटकीसरशी रचेल, पण रचत नाही. मावशी गायली नाही तर अल्बम बाहेर काढणार नाही म्हणते. खरंच नाही काढणार; तुझीच भाची आहे.

ता. ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. दाराखालून ते सरकवणारी ताई बाहेर पायरीवर बसलीय, शेजारी दाढीवाला आणि माईक. तुझं वाचून होईल एवढा वेळ थांबून ती अंगाई सुरू करेल आणि दुसरं कडवं धडधडीत चुकीचं गाईल. तुला ते सहन होणार नाही. तिला सुधारायचंच असेल तर दार उघडून सुधार. आतून ओरडलीस तर आवाज नीट घेता येत नाही.