हात तुझे, वही माझी

शेलूबाजार
२ एप्रिल २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू हल्ली हो आणि नाही एवढंच बोलतेस. मागून बेबीमावशीचा आवाज येतो, तुझी आई तुला बोलावते, आणि फोन ठेवला जातो. म्हणून जुन्या पद्धतीनं लिहितो. सुट्टी संपवून तू मेडशीला परत गेलीस की अडलेल्या कोड्यांची उत्तरं मी पोस्टानं पाठवायचो, ती पद्धत.

आपल्या दीपस्तंभाच्या खेळाचा दुसरा भाग आला. बारा वर्षांनी. पहिला भाग आपण बाबांच्या कॉम्प्युटरवर संपवला तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. हात तुझे आणि वही माझी. मला अंधाऱ्या खोलीत शिरायची भीती वाटायची, म्हणून मी नकाशे काढत बसायचो आणि तू दारं उघडायचीस. ही गोष्ट कुणाला सांगू नकोस.

आता कन्सोलवरचा घ्यायचा की पीसीवरचा, ते ठरव. एकदा घेतला की बदलून मिळत नाही. दुकानात मोबाईल दुरुस्तीला येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा जुना कन्सोल मी मागच्या महिन्यात घेतला आहे. माझा कल तिकडे आहे. पण हात तुझे असतात, तेव्हा तू सांगशील ते.

दुसरं, वीरेंद्रच्या घरचे २७ तारखेला, रविवारी, तुला पाहायला येतील. मंगरूळपीरच्या शाळेत तो प्रयोगशाळेत आहे, हे मावशीला सांगितलंच आहे. त्याच्या आईनं मला दोनदा विचारलं की मुलीत काही कमी नाही ना. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर वाढली आहे, मी जबाबदार.

दिवाळीनंतर तुझ्या हाताला लागलं होतं ते आता बरं असेल. यायचं राहूनच गेलं.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा दादा,
विनोद

•

मेडशी
७ एप्रिल २०२५

प्रिय विनोददादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. सगळं ठीक आहे. तूर विकली. आई बरी आहे.

पीसीवरचा घे.

कन्सोलला टीव्ही अडकून पडतो आणि तुझ्याकडे संध्याकाळी मोठ्या मावशीच्या मालिका असतात. पीसी दुकानात असतो. शिवाय पहिला भाग आपण त्यावरच खेळलो.

२७ तारखेचं आईनं सांगितलं. अक्षर वाईट आलं आहे. घाईत लिहिलं.

राग धरू नकोस, आठवण धर.
स्नेहा

•

शेलूबाजार
१२ एप्रिल २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आईनं पाहिलं आणि पोरगी डॉक्टर झाली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, डॉक्टर नाही, कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली आहे. बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेल्या बाईचं हे अक्षर. वीरेंद्रला दाखवलं नाही, उपकार मान.

तुझी कारणं वाचली. मालिका आठ वाजता संपतात. माझा पीसी जुना झाला आहे, मोठा खेळ लावला की तापतो आणि बंद पडतो. कन्सोलवर चित्र मोठं दिसतं, गादीवर बसून खेळता येतं. तू उगाच म्हाताऱ्या माणसासारखी जुन्याला धरून बसली आहेस.

तेव्हा मी कन्सोलवरचाच घेतो आहे. कंट्रोलर सोबत पाठवला आहे. हरिसिंग मालेगावच्या पुढे जीप नेतो, तो मेडशीच्या स्टँडवरच्या चहावाल्याकडे देईल. हातात धरून सवय कर. सोपं आहे. दोन्ही अंगठे, आणि दोन्ही हातांची पहिली दोन बोटं. एवढंच काम आहे.

सोमवारी जयंतीची मिरवणूक आहे, ध्वनिक्षेपकाची जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. नाहीतर मीच आलो असतो.

लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी करू नकोस.
विनोद

•

मेडशी
१६ एप्रिल २०२५

प्रिय विनोददादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

कंट्रोलर मिळाला. धरला, तो पडला. मग मांडीवर ठेवून पाहिला. तू लिहिलेली बोटं माझ्याकडे नाहीत.

नोव्हेंबरात मी मशीनवर कडब्याची कुट्टी करत होते. लाईन गेली, मशीन थांबलं. मी आत जाऊन पाणी पिऊन आले. तोंडाशी कडबा अडकला होता तो काढायला हात घातला. बटण बंद केलं असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. पण लाईन आली तेव्हा मशीन सुरू झालं, म्हणजे मी ते बंद केलं नव्हतं. उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे. बी.ए. झालेली मुलगी चालू बटणावर हात घालते, हे मला कुणाला सांगायची लाज वाटते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी रोज एक पान डाव्या हातानं लिहायला सांगितलं आहे. तुला लिहिलेलं पत्र हे त्या दिवसाचं पान होतं. घाई नव्हती. सव्वा तास लागला होता.

आईनं नातेवाइकांत थोडं लागलं म्हणून सांगितलं. गावाला माहीत आहे, पण गावाला कोण विचारतं. २७ तारखेचं असं ठरलं आहे की मी साडी नेसायची, पदर उजव्या हातावरून घ्यायचा, आणि पोह्यांच्या बशा शेजारच्या ललिताबाईंनी द्यायच्या. मी फक्त बसायचं. लग्न जमलं की मग सांगू, असं आई म्हणते.

तू माझी जबाबदारी घेतलीस ते मी वाचलं आणि तरी तुला सगळं ठीक आहे असं लिहिलं. हाताची लाज मला सवयीची झाली आहे. याची झाली नाही.

पीसीवर हा खेळ नुसत्या माउसनं खेळता येतो. इथल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी विचारून पाहिलं. माउस डाव्या हाताला घेतला की काम होतं. पीसी म्हणण्याचं कारण तेवढंच होतं. बाकीची मी शोधून काढली.

२७ तारखेला तू येऊ नकोस. आलास तर तुलाही खोटं बसावं लागेल.

माया उरली असेल ती असू दे.
स्नेहा

•

मेडशी
१७ एप्रिल

चि. विनोदले बेबीमावशीचा आशीर्वाद.

पोरीनं तुले सारं लिवलं म्हून सांगतलं. मी रागावली नाई. पण बाप्पा, तू त्या लोकायले काई सांगू नको. हात जोडते. याच्या आंधी दोन जागा आल्या. एक तं मालेगावाहूनच परतली. कोनं सांगतलं माईत नाई. दुसऱ्याची माय दारात उभी राहून मले म्हने, पोरगी भाकरी कशी थापन. त्या दिवसापासून स्नेहा आंगनात बसत नाई.

तुले एक गोष्ट सांगते, ते तिले माईत नाई. बटन तिनं बंद केलं होतं. मी चालू केलं. लाईन कवा येते समजत नाई, म्हून आमी बटन चालूच ठेवतो, मशीनचा आवाज आला की घरातून पळत जाता येते. मी पान्याचा गुंड घेऊन तिकून चालली, बटन बंद दिसलं, तं चालू केलं. ती मांगून पुन्यांदा येऊन हात घालन, हे मले कसं समजन.

पाच महिने झाले, ती म्हनते माझंच चुकलं. मी आयकून राह्यली.

म्हून मले तिचं लगन करून द्या लागते. तूच सांग, दुसरं मी काय करू.

कागद फाडून टाक.
तुही मावशी

•

शेलूबाजार
२२ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सादर जयभीम. वि. वि.

कागद फाडला. पण वाचलेलं फाडता येत नाही. बटणाचं तू तिला सांग. मी सांगणार नाही, ते माझं नाही. तिनं उगाच धरून ठेवलेलं ओझं आहे आणि ते उतरवणं फक्त तुला जमेल.

राग नाही. पाच महिने तोंड दाखवलं नाही त्यानं राग धरायचा नसतो.
विनोद

•

शेलूबाजार
२२ एप्रिल २०२५

चि. स्नेहास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वरचा मायना डाव्या हातानं लिहिला आहे. त्यापुढे जमलं नाही. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून पाहिली. कोंबडीचं मी लिहिलं होतं ते तू ठेवलं असशील तर चुलीत घाल.

मेडशी इथून दीड तासावर आहे. नोव्हेंबरात आईनं दोनदा जा म्हटलं. मी दुकान म्हटलं. खरं असं, की थोडं लागलं हे ऐकून मला बरं वाटलं होतं, म्हणजे जायला नको. दवाखाना, पट्ट्या, मावशीचं रडणं, यातलं काही मला बघवत नाही. कोड्याच्या खोलीत मी शिरायचो नाही तसाच. आता सत्तावीस वर्षांचा आहे.

रविवारी वीरेंद्रकडे गेलो. तुझ्या हाताचं मी काही बोललो नाही, ते सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. त्याची आई समोर होती. तिला म्हटलं, "मी जबाबदार म्हणालो होतो, तो शब्द परत घ्यायला आलो आहे. मी स्नेहाला वर्षभरात पाहिलेलंच नाही." तिनं विचारलं, मग आम्ही जावं की नाही. मी म्हटलं, जा, पण माझ्या शब्दावर नको, स्वतः पाहा. वीरेंद्र मला स्टँडपर्यंत सोडायला आला.

खेळ पीसीवरचा घेतला. माझा जुना पीसी साफ केला, पंखा बदलला, माउस डाव्या हाताचा करून ठेवला. हरिसिंगच्या जीपनं शनिवारी सगळं येईल. कन्सोल आणणाऱ्यालाच परत दिला. कंट्रोलर तुझ्याकडे आहे, त्यावरून तो रोज बोलतो.

माझ्यासारख्यावर माया ठेवायची की नाही, बघ.
विनोद

•

मेडशी
२९ एप्रिल २०२५

प्रिय विनोददादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ती माणसं आली आणि गेली. वीरेंद्र, त्याची आई आणि एक काका. मी ठरल्याप्रमाणे बसले. ललिताबाईंनी बशा दिल्या. काकांनी शिक्षण विचारलं, आईनं सांगितलं. मग वीरेंद्रच्या आईनं पिशवीतून कागद आणि पेन काढला आणि म्हणाली, नाव लिहून दाखव बाई. आमच्यात मुलीला हे अजून विचारतात, असंही म्हणाली. आई म्हणाली, ती थकली आहे. त्या बाईंनी कागद स्टुलावर ठेवला.

मी पेन डाव्या हातात घेतला. पंखा चालू होता, कागद सरकायला लागला. धरायला दुसरा हात हवा होता. पदर होता तसा सोडला आणि उजवा हात कागदावर ठेवला.

पूर्ण नाव लिहिलं. अक्षर सरळ आलं. आई आत गेली. वीरेंद्र हाताकडे बघत होता आणि मग त्यानं नाव वाचलं, तेही मी पाहिलं. त्याच्या आईनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. पोहे सगळ्यांनी संपवले. अजून काही निरोप नाही. नसेलही. मला रविवारपासून नीट झोप लागते आहे.

संध्याकाळी आईनं बटणाचं सांगितलं. कुट्टीच्या मशीनपाशी उभी राहून सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. बटण मी बंद केलं होतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मग म्हटलं, चल, भाकरी कर. तिनं पीठ मळलं, मी डाव्या हातानं थापली. भाकरी वाकडी झाली. तिनं तीच घेतली.

खेळ लावला आहे. डाव्या हाताला अजून उशीर होतो, पण पहिल्या अंगणातून पलीकडे गेले. पुढे खाली उतरणारा जिना आहे आणि शेवटी दार. तिथं थांबले आहे, कारण भिंतीवरच्या खुणा कुणीतरी लिहून घ्यायला हव्यात आणि माझा एकच हात आहे, तो माउसवर असतो.

साडेदहाची बस मेडशीला थांबते. कंट्रोलर न्यायच्या निमित्तानं ये. वही आण. घराचं दार लोटलेलं असेल, पण तू बाहेरच उभा राहशील हे मला माहीत आहे. हाक मार. मी उघडीन.

तुझी,
स्नेहा