मोठ्या चर्चमधली यादी

भिलाई, ३ नोव्हेंबर

अल्फ्रेड भाऊजी,

आपलं सेक्टरचं छोटं चर्च मोठ्या चर्चला जोडलं, तेव्हापासून तुम्ही रविवारी घरीच बसता. "वहिनी, तिथं आपलं हायच कोन?" असं विचारता.

काल मृतांचा दिवस होता. फादरनी दोन्हीकडच्या मृतांची एकच यादी करून दारावर लावली आणि प्रार्थनेच्या वेळी ती पुढे उभं राहून वाचायला मला सांगितलं. तुमचे दादा गेल्यावर त्यांच्या प्रार्थनापुस्तकावरून मी वाचायला शिकले, हे फादरना माहीत आहे. पण दादांचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलं नाही, हे त्यांना कुठे ठाऊक?

नाव आलं आणि मी थांबले. पुढच्या बाकावरची एक अनोळखी म्हातारी म्हणाली, "बोलो दीदी, इनके बाद मेरे वाले हैं."

मला हसूच आलं. मग मोठ्याने म्हटलं, "सिरिल पीटर." सगळ्या चर्चने त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली. नंतर तिच्या नवऱ्यासाठी मीही म्हटली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातातच देते. रविवारी साडेसातला तुम्हाला न्यायलाच येते. तिथं आपलं कोण आहे, ते आता मला नाव घेऊन सांगता येतं.

तुमची वहिनी,
फिलोमिना